कड्याला जायची गाडी

११ सप्टेंबर

गाडी आणली. दोन हजार नऊचं मॉडेल, पांढरा रंग, मागच्या दाराला पोचा. परळीच्या एका रिटायर मास्तरांची होती. "घरातल्या लेकरासारखी वापरली," असं ते सारखं म्हणत होते. इतकं म्हणाले की मला शंका आली, पण तोवर व्यवहार झाला होता.

बायकोचं, मंजुळाचं म्हणणं, एवढ्या पैशांत नवी मोटरसायकल आली असती. मोटरसायकलवर आक्काला कसं न्यायचं? आक्का, माझी थोरली बहीण, आषाढापासून आमच्याकडे आहे. दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवारी आणि गुरुवारी माजलगावला डायलिसिस. आजवर एसटीनं नेत होतो. मागच्या खेपेला परत येताना तेलगावच्या स्टँडवर ती मटकन खाली बसली आणि उठेचना. माणसं गोळा झाली, कुणी कांदा हुंगवला. त्याच दिवशी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी तर जुनी.

आक्कानं चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. नारळ मंजुळाकडून फोडून घेतला, कारण आक्काच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचतात, त्या हातानं जोर करायचा नाही. मग काचेवरून हात फिरवत म्हणाली, "हरी, ही कड्याला जाईल का रं?"

"कावून न्हाई जाणार? कड्याला काय, पुण्याला जाईल."

कडा तिचं सासर. तिची मुलगी संस्कृती तिथंच आहे, सहावीला. शाळा बुडेल म्हणून दाजी म्हणाले, पोरगी इथंच राहू द्या. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली खेप. जाताना घाट उतरायचा, काही अडचण नाही. आक्का मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "मोठ्या लोकांवानी वाटायलंय."

येताना धारूरच्या घाटात निम्म्यावर तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी घाबरून गाडी कडेला घेतली. थंड होऊ दिली आणि रेडिएटरमध्ये बाटलीनं पाणी ओतलं. एक बाटली संपली, दुसरी संपली, तरी पितेच आहे. आक्का दगडावर बसून बघत होती. तिला दिवसाला मोजून मापून पाणी. तोंड सुकलं तर बर्फाचा खडा चघळते.

"पाज बाबा तिला," ती म्हणाली. "मला न्हाई चालत, तिला तरी पिऊ दे."

मी हसलो. ती पण हसली. पण तिची नजर बाटलीवरून हटत नव्हती, म्हणून बाटली मी सीटखाली सारली.

१८ सप्टेंबर

हनुमान मिस्त्रीनं गाडी बघितली. म्हणाला, थर्मोस्टॅट अडकलाय, आणि रेडिएटर आतून गंजलाय. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुवून घेतला. अडीच हजार. "आता घाट चढंल का?" विचारलं तर म्हणाला, "हरीभाऊ, बिनघोर जावा. गॅरंटी माझी."

२६ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. गाडी तापली नाही, पण वेगळंच झालं. चढावर एक्सलेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढं सरकत नाही. मागून उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देऊन गेला. मिस्त्री म्हणाला, क्लच प्लेट संपली. जुन्या गाडीत हे व्हायचंच. पूर्ण सेट टाकायचा, तर साडेपाच हजार.

मी म्हणालो, "मास्तर म्हणत होते लेकरासारखी वापरली."

"लेकरं कशी वापरतेत, ठाऊक न्हाई का तुमाला?" मिस्त्री म्हणाला.

आक्कानं काही विचारलं नाही. फक्त एवढंच, "दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत होईल ना?" मी हो म्हणालो. दसऱ्याला कड्याला जायचं ठरलं. ती मंजुळाला घेऊन बाजारात गेली आणि संस्कृतीसाठी परकर-पोलक्याचं कापड आणलं. मंजुळा म्हणते, पोरगी आता जीन्स घालत असंल. आक्का म्हणाली, असू दे.

२ ऑक्टोबर

काय लिहावं कळत नाही.

मंजुळाचा चुलतभाऊ राधाकिशन आष्टीला असतो. आज आला होता. चहा पिऊन झाल्यावर मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "तुमाला ठाऊक हाय का न्हाई, तुमच्या दाजीनं दुसरं लगीन केलं. श्रावणात. देवळातच उरकलं, चार माणसांत."

मला आधी खरंच वाटेना. अमरसिंह दाजी असा माणूस नाही. आक्काला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा रात्ररात्र बाकावर बसलेले मी पाहिलेत. पण राधाकिशन कशाला खोटं बोलेल? मुलीचं नावही सांगितलं, वैष्णवी. नवरा अपघातात गेलेला, माहेरी राहत होती.

बायको जिवंत असताना दुसरं लग्न म्हणजे गुन्हा आहे. केस करतो म्हणालो. मंजुळानं माझा हात धरला. "आधी आक्कांच्या जिवाचं बघा. हे ऐकून त्या जगत्याल का?"

ठरलं, आक्काला सांगायचं नाही. आणि कड्याला तर न्यायचंच नाही.

४ ऑक्टोबर

आक्कानं पिशवी भरून ठेवली होती. परकर-पोलकं शिवून आलंय, जांभळं. मला बघून म्हणाली, "उद्या पहाटं निघायचं का उन्हं झाल्यावर?"

मी म्हणालो, "आक्का, क्लचचं काम झालं, पण आता ब्रेक लागंनात. मिस्त्री म्हणतो लांब नेऊ नका."

माझ्या आयुष्यात मी आक्काशी खोटं बोललेलो नाही. लहानपणी बोललो असेन, ते सोडा.

ती पिशवीकडं बघत होती. म्हणाली, "ब्रेकचं काय सांगता येतं? ऱ्हाऊ दे मग." पिशवी तिनं स्वतःच उचलून खुंटीला लावली. कपडे मात्र बाहेर काढले नाहीत.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

ब्रेकचं खोटं बोललो आणि आज खरंच हँडब्रेक निकामी झाला. दवाखान्यासमोर उतारावर गाडी सरकून एका स्कूटरला टेकली. स्कूटरवाल्यानं नुकसान भरून घेतलं. मिस्त्री केबल बदलून देतो म्हणालाय. घाटात काटा परत थोडा वर गेला होता. मिस्त्रीला सांगितलं, तर म्हणाला फॅनची मोटार असंल. बदलली.

दुरुस्तीत आजवर किती पैसे गेले ते मनात येतं आणि मी ते बाजूला ठेवतो. आक्काचा रंग मात्र जरा सुधारलाय.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज

आक्कानं ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. तिनं ती उचलून मंजुळाच्या मांडीवर ठेवली.

"मला साडी नगं हरी. मला कड्याला ने. पोरीला एकदा बघते अन् येते. तिथं ऱ्हात न्हाई मी."

"रेडिएटर गळायलाय आक्का."

"रेडिएटर," ती म्हणाली. नुसतं तेवढंच. मग माझ्याकडं बराच वेळ बघितलं. लहानपणी मी शाळा चुकवून येत असे तेव्हा बघायची तसं. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. माझ्या कपाळावरचा कुंकवाचा ओघळ पदरानं पुसला आणि म्हणाली, "तुला जवा जमंल तवा. मी काय कुठं पळून चालले का?"

फोनवर संस्कृतीशी बोलते. दर रविवारी बोलते. आज भाऊबीज म्हणून पुन्हा लावला. मी अंगणात होतो. आक्काचा आवाज येत होता: "तेल लावून दे तिला. जोरात विंचरू नगं, रडती." हे ती कुणाला सांगत होती? संस्कृतीला म्हणायचं असतं तर 'लावून घे' म्हणाली असती. सासूला सांगत असावी. सासू म्हातारी आहे, तिला काय दिसतंय.

७ नोव्हेंबर, सोमवार

मी पतसंस्थेत कारकून आहे. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, रामहरी, आठवड्यातून दोन दिवस रजा, असं वर्षभर चालणार असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट माणूस नाहीत ते. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. घरी येऊन मंजुळाला सांगितलं. स्वयंपाकघरात बोलत होतो. आक्का बाहेर तांदूळ निवडत बसली होती, पण तिला ऐकू गेलं नसावं. 

१४ नोव्हेंबर, सोमवार

एक चांगली बातमी. आज डायलिसिस झाल्यावर आक्का म्हणाली, डॉक्टर म्हणाले तब्येत सुधारलीय, आता आठवड्यातून एकदाच आलं तरी चालेल. मी तेव्हा आत नव्हतो, टायरमध्ये हवा भरायला गेलो होतो. डॉक्टरांना भेटायला परत आत निघालो तर म्हणाली, "गेले ते. दुसरीकडं आपरेशन हाय म्हणाले. चल बाबा, ऊन व्हायलंय."

म्हणजे आता फक्त सोमवार. रजा निम्मी झाली. गाडीलाही आराम. घरी येताना मी तिच्यासाठी बोरं घेतली, मग आठवलं तिला चालत नाहीत. आम्ही दोघांनी ती मंजुळाला दिली.

२१ नोव्हेंबर, सोमवार

नर्सबाई आक्काला रागावल्या. "गुरुवारी का आला नाहीत? वजन किती वाढलंय बघा." मी म्हणालो, डॉक्टरांनीच एकदा यायला सांगितलंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं. आक्का म्हणाली, "नव्या हायेत त्या. त्यांना ठाऊक न्हाई." नर्सबाई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात पलीकडच्या पेशंटच्या मशीनचा गजर वाजला आणि त्या तिकडं पळाल्या.

एवढ्या पेशंटांत गोंधळ व्हायचाच.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज पकडला गेलो.

आक्का म्हणाली, "मी हनुमान मिस्त्रीला फोन केलता. म्हणलं गाडीला काय झालंय? तर म्हणाला, आक्का, गाडी एक नंबर हाय, कवाबी काढा."

 ती माझ्या जवळ येऊन बसली. पाय सुजलेत तिचे, मांडी घालता येत नाही, लांब करून बसते. म्हणाली, "उद्या रविवार हाय. उद्या जायचं. मी तुला कावून म्हणून इचारत न्हाई. तू बी मला काय इचारू नगंस."

मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, की आक्का, त्या घरात दुसरी आहे. पण तिनं जांभळं परकर-पोलकं पिशवीतून काढून परत घडी घातलं. ते बघून माझी जीभच उचलेना. मंजुळा म्हणाली, चला, जे व्हायचं ते होऊ द्या. दारातच त्यांना कळलं तर हात धरायला तुम्ही आहात.

२८ नोव्हेंबर, सोमवार

काल निघालो. केज, नेकनूर, मांजरसुंबा. आक्का पुढं माझ्या शेजारी बसली होती. रस्त्यानं उसतोडीच्या गाड्या चालल्या होत्या, शिरूर कासारकडची माणसं असावीत, बैल, बिऱ्हाड, वर बसलेली लेकरं. आक्का प्रत्येक गाडीकडं वळून बघत होती. एका पोरीनं हात केला तर हिनं पण केला.

पाटोदा गेलं आणि काटा वर जायला लागला. मी हीटर लावला. मिस्त्रीनं शिकवलं होतं, गाडी तापली की हीटर लावायचा म्हणजे उष्णता आत ओढली जाते. आम्ही दोघंही घामाघूम झालो. सौताड्याच्या अलीकडं मागून पांढरा धूर यायला लागला. इंजिननं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि बंद पडलं. परत चालूच झालं नाही.

एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत ओढत नेलं. तिथल्या मिस्त्रीनं ऑइलची काडी काढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "हेड गॅसकेट गेलं. पाणी ऑइलमधी चाललंय. इंजिन उघडावं लागंल. आज काय, चार-आठ दिवस इसरा."

मी तिथंच दगडावर बसलो. पुढं कड्याला साठेक किलोमीटर असेल. म्हणालो, "आक्का, जीप बघतो." आक्काला धाप लागली होती. गॅरेजवाल्यानं लिंबाखाली बाज टाकून दिली होती, त्यावर ती बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

"नगं जीप," ती म्हणाली. "मला न्हाई आता बसवायचं." आणि तिनं फोन काढला. बाजेवरून उठून पलीकडं, पत्र्याच्या शेडमागं गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "संस्कृती येतीय."

"कुणासंगं?"

"येतीय म्हणलं ना."

मला वाटलं दाजी येतील. मी बोलायच्या गोष्टी मनात लावून ठेवल्या. चार माणसांत बोलायच्या नसतील अशाही.

दुपार कलल्यावर एक छोटा टेम्पो आला. पाइप भरलेला, दाजींच्या दुकानाचा. पुढच्या सीटवरून संस्कृती उतरली. केवढी उंच झालीय. तिच्यामागून एक बाई उतरली. तिशीची असेल, साधी सुती साडी, हातात हिरव्या बांगड्या. मी ओळखलं.  मी आक्काच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

आक्का म्हणाली, "हरी, बाजूला हो."

संस्कृती आईच्या गळ्यात पडली.  आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, केसांतून फिरवत होती, वेणी उचलून बघत होती. वेणी घट्ट, नीट घातलेली होती, रिबीन लावलेली. ती बाई टेम्पोजवळच थांबली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ये की," आक्का म्हणाली. "लांब कावून उभी ऱ्हायलीस?"

ती आली. वाकून आक्काच्या सुजलेल्या पायांना हात लावला. आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला हे बघवेना.

"त्यांनला सांगितलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "जामखेडला पाइप पोचवायचे होते, त्यातच बसून आलो."

"बरं केलंस. खोकला गेला का हिचा?"

"गेला. रात्री हळद घालून दूध देते, तुमी म्हणला तसं."

"नाकं मुरडती का?"

"मुरडती. पर पिती."

आक्का हसली. खरं हसली, आषाढापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिनं पिशवीतून परकर-पोलकं काढलं. संस्कृतीनं ते गॅरेजच्या शेडमागं जाऊन घातलं आणि ऑइलनं काळ्या झालेल्या त्या जमिनीवर जांभळ्या परकरात उभी राहिली. पोलकं दंडात घट्ट झालं होतं. वैष्णवी म्हणाली, "उसवून देते मी, आत कापड हाय."

तासभर बसल्या असतील. मी पलीकडं गाडीजवळ उभा होतो. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. टेम्पोवाल्यानं हाक दिली तेव्हा संस्कृती रडायला लागली. आक्का म्हणाली, "रडू नगं. घरी जाऊन अभ्यास कर. अन् मावशीला तरास देऊ नगं." टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती. मग बाजेवर आडवी झाली आणि डोळे मिटले.

आम्ही मिळेल त्या जीपनं परत आलो. वाटेत मी विचारलं, "तुला ठाऊक झालं म्हणायचं?" ती म्हणाली, "रस्त्याकडं बघ हरी." मी काही गाडी चालवत नव्हतो.

त्या बाईचा नंबर आक्काच्या फोनमध्ये कसा आला, ते विचारायचं राहिलंच. संस्कृतीनं दिला असावा.

आज भाड्याच्या गाडीनं माजलगावला नेऊन आणलं.

८ डिसेंबर

हनुमान मिस्त्री पाटोद्याकडं जाऊन गाडी बघून आला. मान खाली घालून बोलत होता. "हरीभाऊ, दुखणं पहिल्यापासनं गॅसकेटचंच असणार. थर्मोस्टॅट, फॅन, समदं उगंच बदललं आपण. बाहेरून न्हाई कळलं मला."

मी त्याला लई बोललो. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, हेड लेथवर घासून आणायला बीडला पाठवलंय, पंधरा-सोळा हजारांच्या आत बसवतो, माझी मजुरी नको. मी म्हणालो मजुरी घे. त्यानं एकट्यानं थोडंच बदललं होतं सगळं? मी पण होतो तिथंच उभा.

१९ डिसेंबर, सोमवार

आक्काला आडवं झोपवत नाही. उशा लावून बसूनच झोपते. म्हणते थंडीनं छाती भरलीय. काढा देतोय. आज नर्सबाई नव्हत्या, दुसऱ्याच होत्या, त्यांनी काही विचारलं नाही. मी गुरुवारी पण यावं का म्हणून विचारणार होतो, आक्का म्हणाली, "डाक्टरनं एकदा म्हणलंय ना? मग? गाडी तरी येऊ दे."

२४ डिसेंबर

गाडी आली. इंजिनचा आवाज बदललाय. मऊ झालाय. घाट खालीवर करून बघितला, काटा हलला नाही.

आक्काला विचारलं, कड्याला जायचं का? आता खरंच जाईल. ती म्हणाली, "नगं आता. बघितलं की पोरीला." मग म्हणाली, धारूरच्या किल्ल्याकडून एक चक्कर मार. मारली. तिनं काच खाली केली होती. वारा लागत होता तरी वर करू देईना.

३० डिसेंबर

आक्का काल गेली.

२ जानेवारी

लोक येतात, बसतात, जातात. दाजी आले होते त्या दिवशी. अग्नी त्यांनीच दिला. मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला उभा होतो.

मला एक कळत नाही. डॉक्टरांनी आठवड्याला दोनचं एक केलं, म्हणजे बरी होत होती ना? बऱ्या माणसाचं असं कसं होतं? मंजुळाला विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग उठून आत गेली. तिला पण माझ्यासारखंच झालं असणार.

८ जानेवारी

काल दहावा झाला. तळ्यावर कावळा लवकर शिवला. सगळे म्हणाले, हिचं काही राहिलेलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर दाजी माझ्याजवळ आले. डोकं भादरलेलं, दाढीमिशी उतरवलेली, ओळखू येत नव्हते. म्हणाले, "हरी, तू बोलत न्हाईस, बरोबर हाय तुझं. पण एक ऐक. वैष्णवीला तिनंच बघितलतं. तिच्या मैत्रिणीची धाकटी बहीण हाय ती. मी न्हाई म्हणलो. तर जेवण सोडलं तिनं. म्हणली, माझ्या देखत माझ्या पोरीची आई ठरल्याबिगर मी माहेरी जाणार न्हाई. लगीन लागलं तवा तिनं फोन चालू ठेवायला लावलता. अक्षता पडल्याल्या ऐकायच्या होत्या तिला."

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाच्या तोंडी घालायला सोपं असतंय दाजी."

 ते टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले. माणूस स्वतःचं पाप झाकायला काय काय रचतो. आक्का मला सांगितल्याशिवाय असं काही करेल का? मला?

संस्कृती संक्रांतीपर्यंत इथं राहणार आहे. वैष्णवीनंच राहू दिलं. जाताना मंजुळाला म्हणाली, "थोडे दिवस आईच्या माणसांत ऱ्हाऊ द्या तिला."

१६ जानेवारी

काल संस्कृतीला कड्याला सोडून आलो.

मंजुळानं तिळगुळाचा डबा दिला. पोरगी माझ्या शेजारी बसली. जांभळंच घातलं होतं, दंडातलं उसवून सैल केलेलं. तिनं गाडीचं सगळं विचारून घेतलं. हा काटा कशाचा, हे बटण कशाचं, आई कुठं बसायची. "पहिल्यांदा मागं बसायची," मी सांगितलं. "नंतर पुढं."

केज गेलं, मांजरसुंबा गेलं, पाटोदा गेलं. गाडी तक्रार करायला तयार नाही. क्लच नीट, ब्रेक नीट, काटा निम्म्याच्याही खाली. नव्या गाडीसारखी पळत होती. जसजसं जवळ येत चाललं तसतसं मला वाटायला लागलं, तापावी. थोडी तरी तापावी, म्हणजे कडेला घेता येईल.

सौताड्याच्या पुढं मी उगीचच थांबलो. बॉनेट उघडलं.

"मामा, काय झालं?"

"पाणी बघतो."

पाणी काठोकाठ होतं. मी झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. ती खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्याबरोबर आत बघायला लागली. तिला त्यातलं काय कळणार. माझा हात तिनं धरला होता.

"बिघडली का?"

"न्हाई बाळा," मी म्हणालो. "चांगली हाय."

ऊन चढेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. मग मी बॉनेट लावलं आणि आम्ही निघालो.